कंबर दुखतेय की पाय? आधी ते सांगा

मागच्या अंकात 'कंबरेचे प्रश्न पाठवा' एवढं एकच वाक्य टाकलं होतं, तर संपादकांच्या व्हॉट्सॅपवर एमआरआयच्या फोटोंचा पूर आला. काहींनी फिल्म खिडकीला धरून फोटो काढलेत, मागे गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल मणक्याच्या आरपार दिसतायत. फोटोवरून निदान मी करत नाही, कोणी करू पण नये, पण प्रश्न बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतायत, की ऑपरेशन नको, मग सुईनं किंवा दुर्बिणीनं काय काय होतं? मी मूळची भूलतज्ज्ञ, आता वेदनाचिकित्सा करते, म्हणजे या सुया मीच टोचते. तेव्हा माझं मत वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, वाकडला राहतो, हिंजवडीत नोकरी. अडीच वर्षं कंबर दुखतेय. बसलं की वाढतं, चाललं की जरा बरं. पायात काही नाही, कधीतरी कुल्ल्यापर्यंत येतं. एमआरआयमध्ये एल-फोर-फाईव्ह आणि एल-फाईव्ह-एस-वनला बल्ज, म्हणजे कंबरेतल्या शेवटच्या दोन गाद्या फुगलेल्या. एका ठिकाणी ओझोन सांगितलं, दुसरीकडे लेझर, तिसरीकडे एपिड्युरल इंजेक्शन. तिघंही म्हणाले ऑपरेशन टळेल. कुठलं करू?

आधी मला सांगा, ऑपरेशन करा असं तुम्हाला सांगितलं कोणी होतं? तुमचं पत्र दोनदा वाचलं, कुणीच नाही. जे होणारच नव्हतं ते टाळायला पैसे का घालायचे.

ओपीडीत माणूस आला की मी म्हणते एका बोटानं दाखवा कुठे दुखतं. काही जण बोट दाखवतच नाहीत, अख्खा तळवा कंबरेवर आडवा फिरवतात, 'हे सगळं असं'. आणि काही जण कुल्ल्यापासून बोट लावून मांडीच्या मागून, पोटरीवरून, घोट्याला वळसा घालून थेट अंगठ्यापर्यंत नेतात, पीएमटी बसचा रूट सांगावा तसं, मधला एक स्टॉप चुकत नाही. दुसऱ्या प्रकारात नस दबलेली किंवा सुजलेली असते, तीच सायटिका. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा नसेचा संबंध नसतो, दुखणं गादीचं असेल, सांध्यांचं असेल, स्नायूंचं असेल, पुष्कळदा सगळ्यांचं थोडं थोडं. तुम्ही पहिल्या प्रकारातले वाटताय.

आता गादी म्हणजे काय ते जरा बघा, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. दोन मणक्यांमधली चकती, आत जेलीसारखा ओलसर गर आणि भोवती पदरावर पदर असलेलं कडं, चिरोट्याला असतात ना तसे पदर, फक्त चिवट. गराला ना रक्तवाहिनी ना नस. नसांचे बारीक धागे कड्याच्या बाहेरच्या पदरांपर्यंतच येतात. पदर आतून बाहेर चिरत गेले की चीर त्या धाग्यांपर्यंत पोचते आणि बसलं, वाकलं की कंबर बोलायला लागते. ही गादीची कंबरदुखी. आणि त्याच चिरेतून गर मागे येऊन शेजारून जाणाऱ्या नसेला भिडला, की पायाची कळ. गादी तीच, पण दोन वेगळे आजार म्हणा हवं तर, आणि सुई निवडताना गोंधळ होतो तो इथेच.

कारण ओझोन, लेझर, प्लाझ्मावालं न्यूक्लिओप्लास्टी, ही सगळी एकाच घरातली भावंडं. आतला गर थोडा कमी करा, आतला दाब उतरेल, फुगवटा आत ओढला जाईल, नस मोकळी होईल, हा विचार. थोरलं भावंड तर गमतीशीर आहे, पपई! पपईतलं कायमोपपेन नावाचं एन्झाईम, आपण मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतो त्याच जातीतलं. १९६४ मध्ये लायमन स्मिथ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ते माणसाच्या गादीत टोचून गर विरघळवल्याचं प्रसिद्ध केलं. १९८२ ला अमेरिकेत त्याला रीतसर परवानगी मिळाली, पण काही जणांना जीवघेणी ॲलर्जी यायची आणि काही वर्षांत ते मागे पडलं, २००३ पासून तिथे मिळतही नाही. मग १९८६ ला ऑस्ट्रियात ग्राझला पहिल्यांदा लेझरनं गर जाळला. ओझोन इटलीतून पसरलं, ऑक्सिजन आणि ओझोनचं काही मिलीलीटर मिश्रण गादीत सोडायचं, त्यानं गर पाणी धरून ठेवत नाही आणि आक्रसतो. ओझोनला मी थोतांड म्हणणार नाही, कडं शाबूत आहे, छोटा हर्निया, म्हणजे गर थोडासाच मागे सरकलेला आहे, पायात कळ आहे, अशांना फायदा झाल्याचे अभ्यास आहेत. पण तुमच्या पायात कळच नाही! नळीवर कोणाचा पाय पडला असेल तर पाय उचलल्यावर पाणी येईल, सोसायटीची टाकीच रिकामी असेल तर नळी हलवून काय होणार. एपिड्युरलचंही तेच, ते नसेच्या भोवतीची सूज उतरवायला देतात, नुसत्या कंबरेला त्याचा उपयोग फार थोडा. ब्रिटनच्या नाईस या संस्थेनं २०१६ मध्येच लिहून ठेवलंय की नुसत्या कंबरदुखीला मणक्यात इंजेक्शनं देऊ नका.

मग चिरलेल्या कड्यासाठी काहीच नाही का, तर प्रयत्न पुष्कळ झाले. गादीत गरम होणारी तार घालून कडं शेकायचं, आयडेट म्हणतात, नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याचा फार गवगवा झाला. नीट तुलना केली तेव्हा एका अभ्यासात थोडा फायदा दिसला आणि एका अभ्यासात खोट्या उपचाराइतकाच. मिथिलीन ब्लूची गोष्ट अजून बोलकी आहे, निळा रंग हो, लॅबमधला. २०१० ला चीनमधून आलेल्या अभ्यासात तो गादीत टोचल्यावर इतके लोक बरे झाले की आम्ही सगळे थक्क. मग नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी तोच प्रयोग करून बघितला, २०१९ ला निकाल आला, निळं इंजेक्शन आणि साधं इंजेक्शन यात फरक नाही. आणि गादीत सुई घालणं फुकटात पडत नाही. गादी तपासायला पूर्वी आम्ही सर्रास डिस्कोग्राम करायचो, म्हणजे एक्स-रेत दिसणारा डाय सुईनं गादीत सोडून बघायचो, २००९ मध्ये दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला की ज्या गाद्यांत सुई गेली त्या न टोचलेल्यांपेक्षा लवकर झिजल्या. तेव्हापासून माझा हात आखडता आहे.

तुम्ही तिघांपैकी कोणाचंच सध्या करू नका. तीन महिने फिजिओथेरपिस्टकडे नेमानं जा, म्हणजे मशीन लावून पडून राहायला नाही, व्यायाम शिकायला आणि दर पंधरवड्याला वाढवायला. दर अर्ध्या तासानं खुर्चीतून उठा, मीटिंगमधले फोन उभ्यानं घ्या. हे तीन महिने प्रामाणिकपणे केलेला माणूस माझ्याकडे क्वचित येतो, बाकी 'केलं हो व्यायाम' म्हणणारे रोज येतात.

प्रश्न : आईचं वय ६३, सदाशिव पेठेत एकट्या राहतात. रिपोर्टमध्ये 'मल्टिलेव्हल डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅक इंडेंटेशन' असं लिहिलंय. वाचून त्या इतक्या घाबरल्यात की बाहेर पडायचं बंद केलंय. किती सीरियस आहे?

डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी झालं, बल्ज म्हणजे गादी कडेनं थोडी फुगली, इंडेंटेशन म्हणजे फुगवटा नसांच्या पिशवीला टेकला. साठीत केस पांढरे झाले असं रिपोर्टात कुणी इंग्रजीत लिहिलं तर तेही भयंकरच वाटेल. २०१५ मध्ये ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. बल्ज विशीत ३० टक्के आणि साठीत ६९ टक्के. न दुखणाऱ्या लोकांत, बरं का. आईंच्या पायात जोर आहे, लघवी-संडासचं नीट आहे, ताप नाही, वजन उतरत नाही ना? मग रिपोर्ट कपाटात ठेवा आणि त्यांना संध्याकाळी सारसबागेपर्यंत चालवत न्या. घाबरून घरात बसल्यानं कंबर जास्त आखडते, त्या बल्जनं तेवढी आखडली नसती.

प्रश्न : मी २२ वर्षांची, कोथरूड. ढोल-ताशा पथकात हे चौथं वर्ष. सराव सुरू झाला आणि पाच आठवड्यांपूर्वी नुसती शिंकले तर कंबरेत कट् झालं, आता डाव्या मांडीच्या मागून करंगळीपर्यंत कळ जाते, रात्री झोप नाही. एमआरआयमध्ये एल-फाईव्ह-एस-वनला मोठं एक्स्ट्रूजन, म्हणजे गर कड्याबाहेर आलाय. सर्जन म्हणाले दुर्बिणीतून काढू, आजी म्हणते मणक्याला हात लावायचा नाही. इंजेक्शन घेऊन विसर्जनाला वाजवता येईल का?

तुला 'तू' म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. ढोल यंदा नाही. कमरेला दोरी आवळून पुढे एवढं वजन लटकवायचं, मागे झुकून तोल सांभाळायचा आणि वर तासन् तास उसळ्या, जखमी गादीला याहून वाईट काम मला सुचत नाही. इंजेक्शननं दुखणं दबलं की तू वाजवशील आणि गादीला कळणार पण नाही की तिचं काय चाललंय, म्हणून तर त्यासाठी इंजेक्शन मी देणारच नाही. यंदा दोर धरायचं काम माग.

आता चांगली बातमी. तुझ्या रिपोर्टातला 'मोठं' हा शब्द वाचून सगळे घाबरलेत पण गंमत अशी की गर कड्यातून पूर्ण बाहेर पडला असेल तर तो आपोआप विरघळायची शक्यता नुसत्या बल्जपेक्षा जास्त. जन्मभर आत बंद असलेला गर शरीराच्या पहारेकऱ्यांनी कधी बघितलेलाच नसतो, बाहेर दिसला की परका समजून त्याला खायला लागतात. याला आठवडे लागतात, कधी महिने. आणि त्याच मारामारीत नसेला सूज येते म्हणून कळ. एपिड्युरल स्टिरॉईडचं खरं काम हेच, शरीर आपलं काम करेपर्यंतचा काळ सुसह्य करणं. गादी त्यानं जागेवर जात नाही.

सर्जननी चुकीचं सांगितलं असंही नाही. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे सायटिका असलेल्या २८३ लोकांचे दोन गट केले, एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबवलं, फारच झालं तर ऑपरेशन. लवकर केलेल्यांना आराम लवकर मिळाला, वर्षानंतर मात्र दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन लागलं, हेही सांगायला हवं. म्हणजे घाईही नाही आणि आजी म्हणते तसं पापही नाही. दुर्बिणीचं म्हणजे साधारण ७-८ मिलीमीटरचा छेद, बऱ्याचदा जागेपणीच, नस दुखली तर पेशंट स्वतःच सांगतो. अजून काही आठवडे गोळ्या, हवं तर एक इंजेक्शन, आणि झोप लागतच नसेल तर ऑपरेशन, असा क्रम मी ठेवला असता. ऑपरेशननंतरही शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना तिथेच पुन्हा होतं, तेव्हा पुढच्या वर्षीच्या ढोलाचं वचन आत्ता कोणाला देऊ नकोस.

एक काम रोज कर. डाव्या पायाच्या चवड्यावर उभी राहा, भिंतीला बोटं टेकवून, दहा वेळा टाच उचल. उजव्यानं जमतंय आणि डाव्यानं जमेनासं झालं तर त्याच दिवशी सर्जनना फोन. आणि लघवी तुंबली, किंवा कळत नकळत झाली, बसायची जागा, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे वाटायला लागले, तर फोनही नको, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. तिथे तास मोजले जातात. हे वाक्य आजीलाही वाचून दाखव.

प्रश्न : वडील ५८, डायबेटिस आहे, हृदयात स्टेंट. सायटिकासाठी एपिड्युरल सांगितलंय. सेफ आहे का, आणि नेमकं करतात काय?

ऑपरेशन थिएटरात पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. बीटाडीन लावल्यावर सगळे एकदा 'हाऽऽ' करतात, थंडगार असतं. मग त्वचा बधिर करायची सुई, मुंगी चावल्यासारखी, खरं तर मोठी मुंगी. त्यानंतर सी-आर्म, म्हणजे चालता एक्स-रे, वरून फिरवत सुई हळूहळू पुढे न्यायची. जागेवर पोचली की थेंबभर डाय सोडतो, स्क्रीनवर तो नसेच्या कडेनं काळ्या धाग्यासारखा उतरत जातो, आणि कधी कधी त्याच क्षणी पेशंट म्हणतो 'डॉक्टर, हीच कळ, हीच!' तेव्हा मला बरं वाटतं, त्यांना नाही. मग औषध. सगळं मिळून अर्धा तास, दोन-चार तास थांबून घरी. सी-आर्म आणि डाय न वापरता अंदाजानं देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

वडिलांच्या बाबतीत दोन गोष्टी. स्टिरॉईडनं साखर वाढते, पहिले दोन-तीन दिवस जास्त, आठवडाभर राहू शकते, त्यामुळे रोज ग्लुकोमीटरनं बघायचं आणि साखरेच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं. आधीच साखर फार वाढलेली असेल तर इंजेक्शन पुढे ढकलायचं. दुसरं, स्टेंटसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणार, त्या मनानं बंद करायच्या नाहीत! हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, ते सांगतील तितके दिवस. ते नाही म्हणाले तर इंजेक्शनला पण नाही. सेफ म्हणाल तर बहुतेकांना काही होत नाही, पण अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१४ मध्ये इशारा दिलाय की क्वचित पक्षाघात, दृष्टी जाणं, मृत्यूसुद्धा झालेत. सही करायच्या आधी हे तोंडानं कोणीतरी सांगायला हवं. आणि 'तीन इंजेक्शनांचा कोर्स' असा काही नियम नाही, पहिल्यानं काही आठवडे तरी फरक पडला तर दुसऱ्याचा विचार, नाही पडला तर तेच पुन्हा कशाला.

खरं सांगायचं तर २०२५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका गटानं तीन महिन्यांपेक्षा जुन्या मणक्याच्या दुखण्यात ही इंजेक्शनं आणि नस जाळायचे उपचार देऊच नका असं स्पष्ट लिहिलंय, पायात जाणाऱ्या दुखण्यात सुद्धा. आमच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्यावर बराच आरडाओरडा केला, सगळ्या प्रकारच्या पेशंटना एका मापात मोजलं म्हणून. त्यात थोडं तथ्य आहे आणि थोडी पोटाची चिंता, मी पण त्याच पंगतीत बसलेय. नव्या, तीव्र सायटिकाला मी अजूनही इंजेक्शन देते, वर्षानुवर्षं जुन्या दुखण्याला देताना आता दहादा विचार करते.

प्रश्न : भाचा अमेरिकेत आहे, तो म्हणतो तिकडे मणक्याच्या हाडातली नस जाळतात आणि जुनी कंबरदुखी जाते. खरंय का?

आहे तसं. बेसिव्हर्टिब्रल नावाची नस मणक्याच्या हाडात शिरते आणि गादीला टेकलेल्या वरच्या-खालच्या पृष्ठभागांना जाणीव देते. गादी झिजली की हे पृष्ठभाग सुजतात, एमआरआयवर ती सूज दिसते, तिला मोडिक बदल म्हणतात, मायकल मोडिक यांनी १९८८ मध्ये त्यांचे प्रकार पाडले. सुई हाडातून आत नेऊन ती नस रेडिओफ्रीक्वेन्सीनं जाळायची, अमेरिकेत २०१६ ला परवानगी मिळाली. गादीच्या कंबरदुखीसाठी आलेल्या सगळ्या उपचारांत हा मला त्यातल्या त्यात डोक्याला पटणारा वाटतो कारण कोणाला द्यायचा ते ठरलेलं आहे, सहा महिन्यांच्या वर दुखणं, बाकी उपाय करून झालेले, आणि मोडिक एक किंवा दोन. पण महत्त्वाचे अभ्यास ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशानं झालेत. तुमच्या रिपोर्टात मोडिक हा शब्द नसेल तर भाच्याला म्हणावं तब्येतीला जप, बाकी ठीक. आणि इथे सांध्यांची नस जाळणारं फॅसेट आरएफ मिळतं ते वेगळं, त्याचा गादीशी संबंध नाही.

प्रश्न : पीआरपी किंवा स्टेम सेलनं गादी पुन्हा तयार होते का? (दहा-बारा जणांनी विचारलंय)

नाही. गादी नव्यासारखी झालेली अजून कोणी दाखवलेली नाही. पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, अभ्यास चालू आहेत, छोटे आहेत, निकाल एकसारखे नाहीत. स्टेम सेलबद्दल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ आहेत, रक्ताच्या ठराविक आजारांमधला वापर सोडला तर बाकी सगळं फक्त रीतसर क्लिनिकल ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमधल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. कोणी पॅकेज सांगितलं की एवढंच विचारा, ट्रायल रजिस्ट्रेशन नंबर काय? आणि कुठलीही प्रोसीजर ठरवण्याआधी मेडिक्लेमची पॉलिसी उघडून बघा, मणक्याच्या आजारांना बऱ्याच पॉलिसीत सुरुवातीची दोन-तीन वर्षं वेटिंग असतं.

प्रश्न : वय ५१, गादीचा त्रास जुना, सध्या बरा आहे. बेल्ट कायम लावू का? झोपायला फळी? आणि पर्वती चढणं बंद केलंय ते बरोबर ना?

बेल्ट काढा. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शन काढलं त्यात बेल्ट नको आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, ते पण नको असं म्हटलंय, व्यायाम हवा म्हटलंय. लांबच्या प्रवासाला तासभर लावलात तर मी रागावणार नाही. फळी नको, साधी घट्ट गादी पुरे.

चालण्याचं मात्र मनावर घ्या. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून ७०१ लोकांचा अभ्यास आला, सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले. निम्म्यांना फिजिओच्या मदतीनं हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत आणलं, बाकीच्यांना काही नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं सरासरी ११२ दिवसांत परत आलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. कुठलीही सुई नाही, पॅकेज नाही, बूट तेवढे चांगले घ्या.

आणि पर्वती बंद कशाला केलीत? १०३ पायऱ्या आहेत, रुंद आहेत, दम लागला तर बसा. पहिल्या आठवड्यात अर्ध्यावरून परत या. उतरताना घाई करू नका, आणि पायथ्याशी लावलेली स्कूटर मेन स्टँडवरून काढताना कंबरेतून वाकून ओढू नका, साइड स्टँडलाच लावत जा.